मोटर निवडताना किलोवॅट नंतर, अँपिअर आधी

जुनी मोटरसायकल इलेक्ट्रिक करायची ठरली की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: मोटर किती किलोवॅटची घ्यावी? प्रश्न रास्त वाटतो, कारण इंजिनाची ताकद आपण वर्षानुवर्षे अशाच एका आकड्याने मोजत आलो आहोत. शंभर सीसीच्या स्प्लेंडरचे इंजिन आठेक अश्वशक्तीचे, म्हणजे साधारण सहा किलोवॅटचे. तेव्हा सहा किलोवॅटची मोटर बसवली की भागले, असा हिशेब मांडला जातो. ब्रशवाल्या डीसी मोटरच्या बाबतीत हा हिशेब फसतो. तिच्या पाटीवरचा किलोवॅटचा आकडा ठरावीक व्होल्टेजला, ठरावीक वेगाला आणि ठरावीक वेळेपुरताच खरा असतो. यातली एक अट बदलली की आकडाही बदलतो. मोटर जळते ती वाइंडिंगमधून अर्धा अर्धा तास वाहत राहिलेल्या करंटमुळे. म्हणून निवडीचा कस एकच ठेवावा: आपल्या नेहमीच्या रस्त्यावरच्या सर्वांत कठीण सलग चढावर मोटरला किती अँपिअर लागतील, आणि तेवढे ती किती वेळ सोसेल? व्होल्टेज, स्प्रॉकेट, मोटरचा प्रकार आणि किंमत हे सगळे या उत्तराच्या मागून ठरते.

हा कस ब्रशवाल्या मोटरला अधिक काटेकोरपणे लावावा लागतो, त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. डीसी मोटरचा टॉर्क, म्हणजे शाफ्टला पीळ देणारा जोर, करंटवर अवलंबून असतो आणि फेऱ्यांचा वेग व्होल्टेजवर. करंट दुप्पट झाला की वाइंडिंगच्या तांब्यातली उष्णता चौपट होते. ब्रशलेस मोटरमध्ये हे तांबे स्थिर भागात, सहसा बाहेरच्या कवचाला चिकटून असते, त्यामुळे उष्णता कवचातून निघून जाते. ब्रशवाल्या मोटरमध्ये मात्र तापणारे आर्मेचर, म्हणजे वाइंडिंगचा फिरता भाग, मधोमध असते. त्याच्या भोवती हवेची फट आणि आत शाफ्ट. उष्णतेला बाहेर पडायला हेच दोन अरुंद रस्ते. त्यात ब्रश आणि ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कॉम्युटेटर यांच्या घर्षणाची आणि ठिणग्यांची भर पडते. बाहेरून हात लावल्यावर कवच कोमट लागते, तेव्हा आतल्या वाइंडिंगचे इन्सुलेशन मर्यादेला टेकलेले असू शकते. ही मर्यादा ‘बी’ वर्गाच्या इन्सुलेशनला १३० अंश सेल्सिअस, ‘एफ’ला १५५ आणि ‘एच’ला १८० असते. शिवाय मोटरची क्षमता ठरवताना भोवतालचे तापमान सहसा ४० अंश धरतात. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तेव्हा तिथे पाटीवरच्या आकड्यातून थोडे वजा करूनच चालावे.

आता प्रत्यक्ष गणित करू. स्प्लेंडरसारख्या गाडीतून इंजिन, टाकी आणि सायलेन्सर काढून मोटर व बॅटरी बसवल्यावर वजन ११५ किलो राहिले असे धरा. डबलसीट दोन माणसांचे १३५ किलो. एकूण २५० किलो. सपाट डांबरी रस्त्यावर टायर लोळण्याचा विरोध वजनाच्या दीड टक्का धरला तर तो ३७ न्यूटन भरतो. ताशी ६० किलोमीटरला, ताठ बसलेल्या चालकासकट, हवेचा विरोध साधारण ९६ न्यूटन. बेरीज १३३ न्यूटन, आणि त्या वेगाला लागणारी शक्ती २.२ किलोवॅट. आता हीच गाडी घाटात घाला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगराळ भागातला नेहमीचा चढ २० मीटरला १ आणि अपवाद म्हणून १४ मीटरला १ च्या आसपास धरला आहे. आपण १५ ला १ घेऊ. चढाचा विरोध १६३ न्यूटन. वेग ताशी ४० वर आणला तर हवेचा विरोध ४३ वर उतरतो, टायरचा ३७ तसाच राहतो. बेरीज २४३ न्यूटन, शक्ती २.७ किलोवॅट.

या दोन ओळी शेजारी ठेवल्या की किलोवॅटचा आकडा काय लपवतो ते दिसते. सपाटीवर २.२ आणि घाटात २.७, फरक जेमतेम पाव हिश्श्याचा. पण चाकावर लागणारा जोर १३३ वरून २४३ न्यूटनवर गेला, म्हणजे पावणेदोन पटींहून अधिक. करंट त्याच पटीने वाढणार आणि तांब्यातली उष्णता त्याच्या वर्गाने, म्हणजे सव्वातीन पटींच्या पुढे. भरीला मोटरचे फेरे कमी झाल्यामुळे तिच्या शाफ्टवरचा पंखाही मंदावलेला. उष्णता तिप्पट आणि वारा दोन तृतीयांश, अशी ही कात्री आहे. किलोवॅट पाहून मोटर घेणाऱ्याला सपाटीवर काहीच खटकत नाही. घाटाच्या मध्यावर वार्निश जळाल्याचा वास येतो तेव्हा गणित उलगडते.

जोराचे अँपिअर कसे होतात, ते पाहण्यासाठी मोटरचा एकच स्थिरांक लागतो: एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. ९.५५ ला या आकड्याने भागले की एका अँपिअरमागे किती न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो ते कळते. समजा मोटर व्होल्टमागे ५० फेऱ्यांची आहे. तिचा टॉर्क अँपिअरमागे ०.१९ न्यूटन-मीटर. ७२ व्होल्टला ती मोकळी ३,६०० आणि भाराखाली ३,१०० ते ३,२०० फेरे करेल. मागच्या चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली तर ताशी ७० किलोमीटरला चाक मिनिटाला ६२० फेरे करते. म्हणजे दोन स्प्रॉकेटमधले प्रमाण ५ ला १ हवे. घाटात चाकावर ७३ न्यूटन-मीटर लागतात. पाचने भागून आणि चेनमधली पाच टक्के तूट धरून शाफ्टवर १५.४. भागिले ०.१९, म्हणजे ८१ अँपिअर. सपाटीवर हाच हिशेब ४४ अँपिअरवर येतो. उन्हाळ्याची सवड धरून या गाडीला ७२ व्होल्टवर किमान अर्धा तास १०० अँपिअर सोसणारी मोटर हवी, हे झाले उत्तर. बाजारात ई-सायकलसाठी सहज मिळणारी, ४८ व्होल्टला सत्तावीसेक अँपिअर घेणारी एक किलोवॅटची मोटर इथे का चालणार नाही, तेही यातूनच स्पष्ट होते. हलक्या स्कूटरवर एकट्या माणसाला सपाट गावात तीस-पस्तीसच्या वेगाने न्यायला ती ठीक आहे. डबलसीट घाटासाठी ती बनलेलीच नाही.

इथे एक सापळा आहे. बॅटरीच्या तारेवर लावलेला अँपिअरमीटर मोटरचा करंट दाखवत नाही. कंट्रोलर बॅटरीचे जास्त व्होल्टेज आणि कमी करंट घेऊन मोटरला कमी व्होल्टेज आणि जास्त करंट देतो. वरच्याच उदाहरणात सपाटीवर बॅटरीतून साधारण ३४ अँपिअर निघतात आणि मोटरमध्ये ४४ वाहतात. घाटात बॅटरीतून त्रेचाळीसेकच निघतात, पण मोटरमध्ये ८१ वाहत असतात. बॅटरीचा मीटर पाहणाऱ्याला वाटते की भार थोडासाच वाढला. म्हणून शंट आणि मीटर मोटरच्या तारेवर लावावा, आणि कंट्रोलर घेताना त्याची बॅटरी-करंटची मर्यादा आणि मोटर-करंटची मर्यादा वेगवेगळी विचारून घ्यावी. काही विक्रेते एकच आकडा सांगतात. तो कशाचा आहे हे कळल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

पाटीवरचा करंटही एकच नसतो. अखंड चालेल तेवढा, तासभर चालेल तेवढा, पाच मिनिटे चालेल तेवढा आणि काही सेकंदांपुरता, असे वेगवेगळे आकडे असतात, आणि जाहिरातीत सर्वांत मोठा झळकतो. ही विभागणी नवी नाही. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला ही देशातली पहिली विजेवरची गाडी १,५०० व्होल्ट डीसीवर धावली. पुढे बोर आणि थळ घाटांत डीसी इंजिनांनीच गाड्या चढवल्या. अशा इंजिनांच्या ब्रशवाल्या मोटरींची क्षमता अखंड आणि एक-तासी अशा दोन आकड्यांत देण्याचा रिवाज होता, कारण घाटात मोटर किती वेळ तापते यावरच तिचे आयुष्य ठरते. आजचा मोटार वाहन नियमही हेच मोजमाप वापरतो: २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या हलक्या वाहनाला जी सूट आहे, तीत शक्ती धरली जाते ती ३० मिनिटे टिकणारी. शिखर क्षमतेला काहीच किंमत नाही, असे मात्र नाही. सिग्नलवरून निघताना ती उपयोगी पडते. वरच्या मोटरला २०० अँपिअर दिले तर २५० किलोची गाडी पाचेक सेकंदांत शून्यावरून चाळीसवर जाते, आणि तेवढ्या वेळात तांब्याची स्वतःची उष्णता सामावण्याची ताकद पुरते. शिखर आकडा उठावासाठी पाहावा, अखंड आकडा प्रवासासाठी. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये.

यावर एक आक्षेप असा की व्होल्टेज वाढवले तर करंट आपोआप कमी होतो, मग मोटर लहान का चालू नये? यात अर्धे सत्य आहे. वरचीच मोटर ४८ व्होल्टवर चालवली तर भाराखाली ती २,१५० फेऱ्यांच्या आसपास राहील. ताशी ७० साठी प्रमाण साडेतीन ठेवावे लागेल आणि घाटातला करंट ८१ ऐवजी ११६ अँपिअरवर जाईल. म्हणजे व्होल्टेजचा फायदा खरा आहे, पण तो स्प्रॉकेट बदलल्यावरच मिळतो. व्होल्टेज वाढवून प्रमाण तेच ठेवले तर फक्त कमाल वेग वाढतो. चढावरचा करंट एका अँपिअरनेही घटत नाही. आणि व्होल्टेजला कॉम्युटेटरची सीमा असते. मर्यादेपलीकडे शेजारच्या पट्ट्यांमध्ये ठिणग्या वाढतात, ब्रश भराभर झिजतात आणि शेवटी कॉम्युटेटरवर गोल आर्क धावते. पाटीवर ४८ असेल तर ७२ देण्याचा मोह टाळावा. सुरक्षिततेचाही विचार आहे: डीसीमध्ये ६० व्होल्टच्या वरचा पुरवठा अंगाला धोकादायक मानतात. सोळा सेलची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी पूर्ण भरल्यावर ५८.४ व्होल्ट होते, म्हणून पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने थोडा वेग सोडून ४८ व्होल्टवर राहणे शहाणपणाचे, मात्र मग मोटर जास्त अँपिअरची घ्यावी.

प्रकारांत खरी निवड दोनच: कायम चुंबकाची मोटर किंवा सिरीज वाइंडिंगची. सिरीज मोटरमध्ये फील्ड आणि आर्मेचर यांतून एकच करंट जातो, त्यामुळे निघताना जोर दांडगा मिळतो. लोखंड संपृक्त होईपर्यंत टॉर्क करंटच्या वर्गाने वाढतो. रेल्वे आणि फोर्कलिफ्ट तिच्यावर चालल्या त्या याचसाठी. पण फील्डचे तांबेही तापते, मोटर जड आणि लांब असते, आणि भार सुटला तर वेगावर आवर राहत नाही. मोटरसायकलची चेन तुटणे ही काही दुर्मीळ घटना नाही. पूर्ण व्होल्टेजवर मोकळी सुटलेली सिरीज मोटर स्वतःच्या फेऱ्यांनी आर्मेचर फोडू शकते. कायम चुंबकाच्या मोटरला मोकळ्या फेऱ्यांची निश्चित सीमा असते, टॉर्क करंटच्या सरळ प्रमाणात मिळतो आणि योग्य कंट्रोलर असेल तर उतारावर थोडी वीज परत घेता येते. तिचा कच्चा दुवा चुंबक: साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंशांच्या पुढे शक्ती गमावू लागतात, आणि करंटचा अतिरेकही चुंबक कायमचे कमजोर करतो. उतारावर वीज परत घेतानाही करंट आर्मेचरमधूनच वाहतो, तेव्हा घाट चढून लगेच उतरताना मोटरला विसावा मिळतोच असे नाही. हे सगळे धरूनही शंभर-दीडशे सीसीच्या गाडीसाठी माझा कौल कायम चुंबकाच्या मोटरला आहे. सिरीज मोटर जड गाडीला आणि अनुभवी हातांना शोभते.

जुन्या बाजारातून मोटर उचलताना हाच कस आणखी कामी येतो. कारच्या स्टार्टरचा जोर पाहून भुलू नये. ती काही सेकंदांसाठीच बनलेली असते. ट्रेडमिलची मोटर बहुधा शंभराच्या आगेमागे किंवा त्याहूनही जास्त व्होल्टची असते, त्यामुळे ४८ व्होल्टवर ती रेंगाळते. फोर्कलिफ्टची मोटर करंट उत्तम सोसते, पण तिचा शाफ्ट पाहावा: काहींना पुढच्या बाजूला बेअरिंगच नसते, आणि पंपाच्या काही मोटरी एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेल्या असतात. कॉम्युटेटर एकसारखा तपकिरी असेल तर चांगला. काळ्या जळक्या पट्ट्या, उंच आलेला अभ्रक किंवा ढिल्या स्प्रिंगा दिसल्या तर रिवायंडिंग आणि खराद यांचा खर्च किमतीत धरावा. चपट्या, ताटलीसारख्या मोटरी हलक्या असतात आणि दोन फूटरेस्टच्या मधल्या जागेत छान बसतात. पण त्यातल्या अनेक उघड्या असतात. कोकणातल्या पावसात आणि धुळीच्या रस्त्यावर त्यांना पाणी उडणार नाही पण वारा लागेल असे आवरण करावे लागते. पूर्ण बंद मोटर पावसात निश्चिंत, पण तिचा अखंड करंट त्याच आकाराच्या उघड्या मोटरपेक्षा कमी असतो.

सर्वांत मोठा आक्षेप अर्थातच हा की ब्रशलेसच्या जमान्यात ब्रशवाली मोटर घ्यावीच का? नव्या गाडीचा कारखाना काढणाऱ्याने घेऊ नये. तिथे कार्यक्षमता, आयुष्य आणि थंड राहणे या तिन्हींत ब्रशलेस सरस आहे. पण एकच गाडी हाताने बदलणाऱ्याच्या गरजा वेगळ्या. दोन तारा, साधा कंट्रोलर, सेन्सर नाहीत. बिघाड मल्टिमीटरने सापडतो, ब्रश बदलता येतात आणि आर्मेचर भरून देणारा कारागीर तालुक्याच्या गावीही असतो. ब्रशवाली मोटर मुळातच दुबळी, ही समजूतही टिकणारी नाही. आयल ऑफ मॅन बेटावर २००९ साली झालेली विजेवरच्या मोटरसायकलींची पहिली टीटीएक्सजीपी शर्यत अग्नी संघाच्या गाडीवर रॉब बार्बर यांनी जिंकली. सुमारे ६० किलोमीटरच्या डोंगरी फेरीत त्यांचा सरासरी वेग ताशी १४० किलोमीटर होता, आणि सुझुकीच्या सांगाड्यात बसवलेल्या दोन्ही मोटरी सेड्रिक लिंच यांच्या रचनेच्या, ब्रशवाल्या होत्या. त्यातही लक्षात घ्यायचे ते हे की मोटरी दोन होत्या. भार दोघींत वाटला की प्रत्येकीचा करंट अर्धा आणि तांब्यातली उष्णता पाव.

मूळ गिअरबॉक्स ठेवला तर लहान मोटर चालेल ना, असेही विचारले जाते. चढावर खालचा गिअर टाकला की करंट घटतो, हे खरे. पण स्प्लेंडरसारख्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असतात. निम्मे कवच नुसते वाहून न्यावे लागते, आणि तेलात फिरणारे दाते शक्ती खातात. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स स्वतंत्र होता, तिथे हा पर्याय विचार करण्याजोगा आहे. इतरत्र तेच वजन मोटरच्या तांब्यात घातलेले बरे.

मोटरबरोबर दोन खबरदाऱ्या अटळ आहेत. ब्रशवाल्या कंट्रोलरमधला मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच जळताना बहुतेक वेळा शॉर्ट होतो, आणि मग थ्रॉटल सोडले तरी मोटरला पूर्ण व्होल्टेज मिळत राहते. म्हणून डीसी करंट तोडू शकणारा कॉन्टॅक्टर, योग्य फ्यूज आणि हाताशी खेचता येणारा तोडस्विच हवाच. घरातला एसीचा एमसीबी इथे चालत नाही. दुसरे, चढावर ब्रेकऐवजी थ्रॉटलने गाडी धरून ठेवू नये. मोटर थांबलेली असताना सगळा करंट कॉम्युटेटरच्या त्याच मोजक्या पट्ट्यांतून जातो आणि त्या भाजून निघतात. रस्त्यावरच्या कायद्याबद्दल थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत असलेल्या गाडीत मनाने असा बदल करता येत नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य संस्थेने तपासलेले किट आणि आरटीओकडची नोंद लागते. घरी जुळवलेली गाडी खासगी आवाराबाहेर काढण्याआधी ही वाट तपासून घ्यावी.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी आपला सर्वांत कठीण चढ, वजन आणि त्या चढावरचा वेग कागदावर लिहा. त्यावरून चाकावरचा जोर, हव्या त्या कमाल वेगावरून स्प्रॉकेटचे प्रमाण, आणि दोन्हींवरून मोटरचे अँपिअर काढा. उन्हाळ्यासाठी वर वीस-पंचवीस टक्के जोडा. मग विक्रेत्याला तीनच गोष्टी विचारा: व्होल्टमागे फेरे किती, अर्धा तास किंवा अखंड चालेल असा करंट किती, आणि कमाल व्होल्टेज किती. तिन्ही उत्तरे लेखी मिळाली तर किमतीची घासाघीस सुरू करा. नुसते ‘तीन किलोवॅट, एकदम पॉवरफुल’ एवढेच ऐकू आले, तर ती मोटर कितीही स्वस्त असली तरी दुकानातच राहू द्या.